कॉलेजात जातीवरून त्रास झाला, तक्रार केली, त्याचा अनुभव (जरा मोठं झालंय)

गावाकडच्या आणि हॉस्टेलच्या पोरी विचारायल्यात की ताई तू कॉलेजात तक्रार केलती म्हणे, कशी केली, पुढं काय झालं. एकेकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून टाकावं. कॉलेजचं नाव आणि सरांचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज, एवढं समजा.

मी एम्मेस्सी केमिस्ट्रीची. घर परभणी जिल्ह्यात, थोडी कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर, आबा दुसऱ्याच्या शेतातही जातात. एस्सी कॅटेगरी, भारत सरकारची शिष्यवृत्ती. आता शिष्यवृत्तीचं कुणाला माहीत नाही असं नसतं, महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, फॉर्म भरायचा, मग उत्पन्नाच्या दाखल्यावरून नाहीतर गॅप सर्टिफिकेटवरून सेंडबॅक यायचा, परत भरायचा. ऑफिसातून सेंडबॅकवाल्यांची यादी डिपार्टमेंटला येते. ती बोर्डावर लावायची सोडून आमचे प्रॅक्टिकलचे सर लेक्चरच्या मधीच एकेकाला उभं करून वाचायचे, नाव आणि पुढं कॅटेगरी, एस्सी, एस्टी, व्हीजेएनटी. एकदा वाचली तर चालून जातं हो. पण तिथून आमचं नावच पडलं 'स्कॉलरशिपवाले'. स्कॉलरशिपवाले मागं बसा, स्कॉलरशिपवाल्यांपैकी कुणीतरी उत्तर द्या, असं सगळं हसत हसत. वर्गपण हसायचा, आमच्यातले दोघंतिघंही हसायचे, काय करतील बिचारे.

खरा त्रास लॅबमधी. बॅचमधी चौघं असायचो. मी ब्युरेटला, म्हणजे थेंब थेंब सोडायच्या काचेच्या मोजनळीला, हात लावला की सर यायचे, "राहू दे, फुटली तर भरून देणारेस का? तू काचसामान धू, रिडिंग त्यांच्याकडून उतरून घे." हे एखाद्या दिवशीचं नाही, सेमिस्टरभर. ज्यांनी केमिस्ट्री केली नाही त्यांना यात काय मोठं असं वाटेल. परमँगनेटचं टायट्रेशन करताना शेवटचा एक थेंब पडला की फ्लास्कमधी फिकट गुलाबी रंग येतो आणि टिकतो, तो एंड पॉइंट. आधीचा थेंब कमी आणि नंतरचा जास्त. हे वाचून येत नाही, नळीच्या कॉकवर बोट ठेवून, फ्लास्क फिरवत, हात बसावा लागतो. बीएस्सीला माझा हात एवढा बसला होता की मैत्रिणी त्यांचं शेवटचं रिडिंग माझ्याकडून काढून घ्यायच्या. आणि इथं मी सिंकपाशी उभी राहून दुसऱ्यांचे पिपेट विसळायले, पाठीमागून ऐकू यायलंय, "आला बघ कलर, आला."

मग इंटर्नलचे मार्क लागले आणि बॅचमधी सगळ्यात कमी मला. विचारायला गेले तर सर म्हणाले, तुमचं सगळं फुकटच असतंय, मार्कही फुकटच पाहिजेत का. स्टाफरूममधी तेव्हा अजून दोन मॅडम बसल्या होत्या. एक चहा पीत होत्या, एक पेपर तपासत होत्या. दोघींनी वर पाहिलं नाही.

आधी तोंडीच सांगितलं सगळ्यांना. मेंटर मॅडम म्हणाल्या, "अगं सरांचा स्वभावच तसाय, मनावर घेऊ नको." एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाले बोलतो त्यांच्याशी. प्राचार्यांनी तर बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "तू सांगितलंस ना, बास, आता आमच्यावर सोड." मी खूश होऊन आले. पुढच्या प्रॅक्टिकलला सर सगळ्यांसमोर म्हणाले, "आजकाल लोक डायरेक्ट प्राचार्यांकडं जायलेत, आपल्याला जपून बोलावं लागतंय बाबा." म्हणजे बोलणं झालं होतं, फक्त त्याचं काय करायचं ते सरांनी ठरवलं. कॉलेजात तोंडी सगळे गोड असतात. तोंडी सांगितलेलं कुठंच नोंद नसतं, त्यामुळे उद्या कुणी विचारलं तर 'आमच्याकडं अशी तक्रारच नाही' हे त्यांचं वाक्य अगदी खरंही असतं.

मला वाट दाखवली ती सीएचबीवर शिकवणाऱ्या एका ताईंनी. तासिका तत्त्वावर आहेत, दरवर्षी जूनमधी परत ऑर्डरची वाट बघावी लागते, त्यामुळं माझ्यासोबत कुठं येणं, सही करणं त्यांना शक्य नव्हतं, ते त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. पण संध्याकाळी बसस्टँडच्या कँटीनमधी बसून त्यांनी मोबाइलवर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) दोन पीडीएफ उघडून दिले. एक २०१२ चा, उच्च शिक्षण संस्थांमधी समता राहावी म्हणून केलेले नियम. दुसरा २०२३ चा, विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचा. इंग्रजीत आहेत, किचकट आहेत, मी डिक्शनरी घेऊन वाचले.

२०१२ च्या नियमात भेदभाव म्हणजे काय काय याची लांबलचक यादी आहे. वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणं. रिझर्व्ह कॅटेगरीचा म्हणून शिक्का मारणं. जातीवरून कमी मार्कांचं कारण काढणं. आणि खाली एक ओळ अशी की विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत येऊ दिलं तरी काम करू न देता नुसतं बसवून ठेवणं. ती ओळ मी चार वेळा वाचली असेल. म्हणजे दिल्लीत बसून हे लिहिणाऱ्याला आमच्या सिंकचं कसं काय माहीत? ताई म्हणाल्या, माहीत असणारच ना, देशभर हेच चालतंय. हे नियम आले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. त्यानंतर २०१६ मधी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्यानं जीव दिला, २०१९ मधी मुंबईत नायर हॉस्पिटलला शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीनं, ती तर जळगावकडची, आपल्या शेजारची. दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ मधीच सुप्रीम कोर्टात गेल्या की २०१२ चे नियम कागदावरच आहेत, ते राबवा. मधी जानेवारी २०२६ मधी यूजीसीनं नवे नियम काढले, त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात कोर्टानं त्यांना स्थगिती देऊन तोवर २०१२ चेच चालू ठेवायला सांगितले. बातम्यांमधी एवढं सगळं होतं आणि आमच्या कॉलेजात २०१२ चे तरी कुणी वाचलेत का हा प्रश्नच आहे.

बोर्ड मात्र आहे. पायऱ्या चढून गेलं की भिंतीवर निळ्या रंगात 'समान संधी कक्ष', नॅकची (कॉलेजला ग्रेड देणारी) टीम यायच्या वेळी रंगवलेला, खाली समन्वयकांचं नाव. त्या सरांना रिटायर होऊन बरेच दिवस झालेत.

आता अर्ज. पहिला मी लिहिला तो पानंच्या पानं होता, त्यात माझी सगळी जिंदगी आली, आबांचं कर्ज आलं, रडगाणं आलं. ताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, हे खरंय पण यातलं त्यांना काहीच खोडावं लागणार नाही, नुसतं 'भावनिक आहे' म्हणतील. मग दुसरा लिहिला. तारीख, कोणतं प्रॅक्टिकल, कोण हजर होतं, सरांचे शब्द जसेच्या तसे, आणि शेवटी मला काय पाहिजे. शेवटचं फार लोक लिहीत नाहीत. 'योग्य ती कारवाई करावी' असं लिहिलं की योग्य काय ते तेच ठरवतात. मी लिहिलं, राहिलेले प्रयोग दुसऱ्या शिक्षकाकडं करू द्यावेत, इंटर्नल परत तपासावं, कॅटेगरीची यादी वर्गात वाचणं बंद करावं आणि झालेल्या प्रकाराची चौकशी करून लेखी कळवावं.

दोन प्रती घेऊन आवक-जावकला गेले. क्लार्क मामांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, परत घातला. "साहेबांना विचारून घेतो, ठेवून जा." मी म्हटलं ठेवते, पण माझ्या प्रतीवर पोच द्या. "तक्रारीची पोच नसती देत बाई." असं कुठं लिहिलंय म्हटलं तर म्हणे प्रथा आहे. मी तिथंच बाकड्यावर बसले. त्यांना राग माझा नव्हता, भीती त्यांना होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. शेवटी मी सरळ पोस्टात गेले आणि तोच अर्ज स्पीड पोस्टानं प्राचार्यांच्या नावानं टाकला, ईमेलपण केला, आणि पोस्टाच्या साइटवर 'डिलिव्हर्ड' आलं त्याची प्रिंट काढून फाइलला लावली. दुसऱ्या दिवशी मामांनीच हाक मारून आवक क्रमांक लिहून दिला. ज्यांच्या कॉलेजचं तक्रारीचं पोर्टल खरंच चालतं त्यांनी तिथंही टाकावी, नियमानुसार ते असायला पाहिजे, आमची लिंक उघडायचीच नाही.

आणि मग फोन सुरू झाले. मला नाही, आबांना. संस्थेतल्या कुणाच्यातरी ओळखीचे, आमच्या सर्कलमधले एक पुढारी, "पोरगी हुशार हाय तुमची, पण असल्या भानगडीत करिअर खराब होतंय, प्रॅक्टिकल त्यांच्याच हातात असतंय." आबा घाबरले. मला म्हणाले, "दोन वर्षं काढायचीत माय, खाली मान घालून काढ." आई काहीच बोलली नाही. बोलली ती आजी. आजीनं १९७८ बघितलेलं आहे, विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि इकडं वस्त्या पेटल्या तेव्हा ती लेकरं घेऊन रात्रभर ज्वारीच्या रानात बसली होती. आमच्याकडं १४ जानेवारीला, नामविस्ताराच्या दिवशी, विद्यापीठाच्या गेटवर जायचं म्हणजे सण असतो, १९९४ च्या आधी काय काय झालं ते तिच्याकडूनच ऐकलंय. ती आबांना म्हणाली, "आम्ही घरं जळताना पाहिलीत आन् तू फोनला भेयलास व्हय रे?" आबांनी मग फोन उचलणंच बंद केलं.

साक्षीदारांचं सांगते. कँटीनमधी सगळे माझ्या बाजूचे. सही करायची म्हटलं की एकाचं प्रोजेक्ट त्याच सरांकडं, एकीचं लग्न ठरलेलं, एकाला पीएचडी करायचीय. माझ्या स्वतःच्या समाजातल्या मुलानं पाठ फिरवली, ते लागलं, खोटं कशाला बोलू. आणि सही केली ती बॅचमधल्या पाटलाच्या पोरीनं, जिच्याशी मी वर्षभरात धड बोललेही नव्हते. तिनं स्वतःच्या हातानं एक पान लिहून दिलं, "आम्ही रिडिंग घ्यायचो आणि ही भांडी धुवायची, सरांनी सांगितलं म्हणून." तिला घरून काय ऐकावं लागलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

२०२३ च्या नियमात अशी तक्रार कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडं जाते आणि समितीनं शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत रिपोर्ट द्यायचा असं आहे. आमच्याकडं तेवढ्यात मीटिंगचीच नोटीस निघाली नाही, मी दोनदा स्मरणपत्र दिलं, त्याचीही पोच घेतली. शेवटी बोलावलं. २०२३ च्या नियमात विद्यार्थ्याला स्वतः जाता येतं किंवा प्रतिनिधी नेता येतो, म्हणून मी गावातले रिटायर झेडपीचे गुरुजी सोबत नेले. दारातच अडवलं, बाहेरचा माणूस चालत नाही. गुरुजींनी खिशातून प्रिंट काढली, त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारलेली, शाळेत चुकीच्या स्पेलिंगखाली मारायचे तशी. मग आत घेतलं.

आत लांब टेबल, बिस्किटं, आणि सर माझ्या समोरच्याच खुर्चीत. पहिला प्रश्न, "इतके दिवस गप्प का होतीस?" दुसरा, "सर तुला जातीचं नाव घेऊन बोलले का?" मी म्हटलं, नाव घेतलं नाही, कॅटेगरी वाचली आणि तीच नावासारखी वापरली. एका सदस्यानं सहज म्हटल्यासारखं सांगितलं की तक्रार खोटी निघाली तर विद्यार्थ्यावरही कारवाईची शिफारस करता येते. हे नियमात आहे, खरंय. पण खोटी तक्रार आणि सिद्ध न झालेली तक्रार यात फरक असतो, ते गुरुजींनी शांतपणे सांगितलं. समितीत एक मॅडम होत्या, त्यांनी एवढंच विचारलं की तुझं जर्नल आणलंस का.

आणलं होतं. जर्नलमधी दर प्रयोगाच्या रिडिंगशेजारी सरांची बारीक सही लागते, प्रयोग स्वतः केला याची. बॅचमधल्या तिघांच्या जर्नलात पानोपानी सही, माझ्याकडं ती जागा रिकामी, आणि तरी हजेरीत मी प्रेझेंट. मॅडमनी माझं आणि त्यांच्यातलं एक, अशी दोन्ही जर्नलं शेजारी शेजारी ठेवून सरांकडं सरकवली. सर म्हणाले, राहून गेलं असेल.

शेवटी मिनिट्स वाचून दाखवले, "सदर प्रकार गैरसमजातून झाल्याचे दिसून येते, दोन्ही बाजूंना समज देण्यात आली." दोन्ही बाजूंना! मला कसली समज? मी म्हटलं, जर्नलचा उल्लेख आणि पाटलाच्या पोरीच्या लेखी जबाबाचा उल्लेख यात आल्याशिवाय सही करणार नाही. बराच वेळ शांतता. मग क्लार्कनं दोन ओळी वाढवल्या, त्या वाचून सही केली.

निर्णय मात्र लेखी द्यायलाच तयार नव्हते, "सांगितलं ना तुला." हे नीट लक्षात घ्या पोरींनो, कारण समितीचा निर्णय मान्य नसेल तर विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील करता येतं, आणि त्याची १५ दिवसांची मुदत निर्णय हातात पडल्यापासून मोजतात. कागदच दिला नाही तर अपील कशावर करणार. मी परत लेखी मागणी केली, परत स्पीड पोस्ट, तेव्हा एकदाचा कागद निघाला. त्यात यादी वाचणं बंद करू एवढंच मान्य, बाकी गैरसमज. सोबत समितीच्या कागदांसाठी माहितीचा अधिकारही टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. पण त्याला ३० दिवस देतात, म्हणजे त्याची वाट बघत बसलं तर अपिलाची मुदत जाते. अपील हातात होतं तेवढ्यावर केलं.

लोकपाल म्हणजे रिटायर कुलगुरू, रिटायर प्रोफेसर नाहीतर माजी जिल्हा न्यायाधीश असतात, कॉलेजच्या संस्थेशी त्यांचं काही देणंघेणं नसावं असं अपेक्षित असतं. तिथं मला पहिल्यांदा कुणी 'बाई' किंवा 'बाळ' न म्हणता नावानं विचारलं. कॉलेजच्या वकिलासारखं बोलणाऱ्या एका सरांनी मुद्दा काढला की मार्कांची फेरतपासणी लोकपालांच्या कक्षेत येत नाही. अर्धं बरोबर होतं. साधं रिचेकिंग तिथं चालत नाही, पण भेदभावाचा ठराविक प्रकार दाखवला तर चालतं, ते त्याच नियमात पुढच्या अर्ध्या वाक्यात आहे, आणि त्यांनी ते अर्धं वाक्य वाचलंच नव्हतं. जर्नलच्या झेरॉक्स परत टेबलावर आल्या. लोकपालांनी कॉलेजला विचारलं, काचसामान धुवायची पाळी लावता का विद्यार्थ्यांना, मग त्याचं रजिस्टर दाखवा. रजिस्टर नव्हतंच.

निकाल असा आला: राहिलेले प्रयोग दुसऱ्या मॅडमकडं करू द्यायचे, इंटर्नल नव्यानं, सरांना लेखी ताकीद, समान संधी कक्ष नव्यानं नेमून नावं प्रसिद्ध करायची. मार्क वाढले. माफी वगैरे काही नाही, सर त्याच डिपार्टमेंटला आहेत, व्हरांड्यात समोरासमोर आलो की ते मोबाइल काढतात.

कुणीतरी विचारेलच म्हणून सांगते, ॲट्रॉसिटी का नाही केली. वकिलांना विचारलं होतं. १९८९ च्या कायद्याची वाट वेगळी आहे, कॉलेजची समिती झाली म्हणून ती बंद होत नाही. मला त्या वेळी प्रॅक्टिकल करायचं होतं आणि डिग्री पाहिजे होती, म्हणून मी ही वाट धरली, दुसरीनं ती धरली तर ती चूक ठरत नाही. आणि सगळं एकाच समितीकडं नेऊ नका. अंगचटीला येणं, घाणेरडे मेसेज असलं काही असेल तर अंतर्गत तक्रार समिती, त्याला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे, कारण पटलं तर अजून तीन महिने वाढवतात. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ हा टोल फ्री नंबर, दिवसरात्र चालतो.

यादी आता बोर्डावर लागते, नुसता महाडीबीटीचा ॲप्लिकेशन आयडी, नाव नाही, कॅटेगरी नाही. ज्युनिअरच्या पोरांना वाटतं आधीपासून असंच होतं. कक्षाची नवी नावं मात्र अजून कुठं लागलेली नाहीत, भिंतीवर त्याच रिटायर सरांचं नाव आहे, माहिती अधिकारात ते विचारलं त्याला उत्तर आलं नाही म्हणून वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील टाकलंय. अर्जाचा नमुना कुणाला पाहिजे असेल तर देते, फक्त माझ्या तारखा खोडून स्वतःच्या टाका, मागच्या महिन्यात एकीनं माझ्याच प्रॅक्टिकलच्या तारखा तशाच ठेवून अर्ज टाईप केला होता, वेळेत दिसलं म्हणून बरं.